नकाब कोणाच्या हुकमानं?

खाप्याच्या स्टँडवर अब्बांनी माझी ट्रंक मोटारीच्या टपावर चढवली, तेव्हा सासरहून आलेला काळा बुरखा माझ्या अंगावर होता. नकाब मी वर टाकला होता. शेजारी उभे असलेले जेठ, म्हणजे माझे थोरले दीर, म्हणाले, "नकाब गिराओ." बांगलादेशची लढाई संपून वर्ष झालं असेल. मी नुकतीच मास्तरीण झाले होते आणि लग्न होऊन नागपूरला निघाले होते.

अब्बा गावच्या मशिदीत पोरांना कुराण शिकवायचे. मोटार सुटताना ते खिडकीशी आले. "तुले झाकावंसं वाटलं तर झाक, बेटी. पण अल्लानं सांगतलं म्हणून कोणी धाक देईन, तर इचार, कुठं सांगतलं."

माझ्या बहिणींनो, खाप्यात आपण डोक्यावरून ओढणी घेऊन नदीवर जायचो. आपल्या ईमानाबद्दल कोणी शंका घेतली नाही. नागपुरात, सासरच्या मोमिनपुऱ्यात मात्र मी आल्या दिवसापासून आरोपी होते. डोकं झाकलेलं, अंग झाकलेलं, तरी जेठांच्या लेखी मी नंगी. मी शाळेत शिकवायची तेव्हा नकाब वर करायची. पहिलीच्या पोरांना अक्षराचा उच्चार दाखवायचा, तर ओठ दिसायला नकोत? एकदा जेठ थेट वर्गाच्या दारात आले आणि पोरांसमोर ओरडले, "शरम नाही? तोंड झाकणं फर्ज आहे!"

मी घरी येऊन विचारलं, "कुठं सांगितलंय?" ते म्हणाले, "बाईनं विचारायचं नसतं."

अब्बांनी मला सांगितलं होतं की यावर आलिमांमध्येच, धर्माच्या जाणकारांमध्येच, एकमत नाही. कोणी म्हणतात चेहरा झाकावा, कोणी म्हणतात चेहरा आणि हात उघडे चालतात. आणि नजर खाली ठेवायचा हुकूम कुराणात आधी पुरुषांना आहे. तो हुकूम मोमिनपुऱ्याच्या चौकात कोणी पाळताना मला दिसला नाही.

पुढच्या वर्षी सासूबाई जेठांबरोबर जहाजानं हजला जाऊन आल्या. भेटायला आलेल्या बायकांनी अंगण भरलं होतं. जेठ सगळ्यांना मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी देत होते. मी सासूबाईंजवळ बसून विचारलं, "अम्मी, काब्याभोवती फिरताना नकाब होता?"

"नाही वं. हजसाठी एहराम बांधला की बाईले चेहरा उघडाच ठेवा लागते."

"आजूबाजूला परके पुरुष होते?"

"लाखो होते."

मी जेठांकडे पाहिलं. "अल्लाच्या घरी चेहरा उघडा चालतो. मग हे कोणाचं घर आहे?"

जेठांनी हातातला पेला खाली आदळला. "तिथलं वेगळं! या घरात राहायचं तर नकाब, नाहीतर नोकरी बंद!" म्हणजे हुकूम घराचा होता, आणि वर्षभर तो अल्लाच्या नावानं माझ्या माथी मारला होता. माझे पती रशीद एरवी मोठ्या भावासमोर खोकायचेसुद्धा नाहीत. ते उठले आणि म्हणाले, "ट्रंक भर."

आम्ही रेल्वेपलीकडे दोन खोल्या घेतल्या. घरमालकीणबाई प्रेमानं म्हणाल्या, "तुम्ही मुसलमान वाटतच नाही हो!" मला वाटलं, यांनाही थोबाडून काढावं. माझा उघडा चेहरा मुसलमान बाईचाच होता. पाच वक्ताची नमाज मी त्याच चेहऱ्यानं पढते. समोरच्या गल्लीतली सकिना स्वतःच्या मनानं नकाब घेते, तिला कोणी हसलं तरी माझं डोकं तितकंच फिरतं.

जेठांनी पुढं कधी आमचा उंबरा ओलांडला नाही. खाप्यात काही लोकांनी अब्बांकडे पोरं पाठवणं बंद केलं, कारण म्हणे अब्बांची पोरगी बिघडली. याबद्दल मी कोणाला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

आता खाप्याला गेले की पाहुणी असते, मोमिनपुऱ्यात तर तेवढीही नाही. घर म्हणजे या दोन खोल्या. इथं माझा चेहरा बघून माझा धर्म कोणी ठरवत नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा सगळे ठरवायला लागतात.