दुपारच्या बातम्या कुणी ऐकल्या का?

जयपूरकर मंडळी, आज सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. बाबांचं ऑपरेशन होतं, तेही ऐंशी ओलांडल्यावर. हॉस्पिटलात एकालाच थांबू देतात, म्हणून दादा तिथे आणि मी इथे सांगानेरला घरी.

जाताना बाबा बजावून गेले, "आजचा रेडिओ तू ऐक. संध्याकाळी भेटायला येशील तेव्हा सगळं सांग."

लावला की! गव्हावरचा तांबेरा झाला, गुडघेदुखीवर सल्ला झाला, मग नाटक लागलं, त्यात एक बाई रडतच सुटली. मी स्वच्छ ओटा पुन्हा पुन्हा पुसत होते. फोन काही वाजेना.

वाजला तो नेमका दुपारच्या बातम्या सुरू झाल्यावर. बातम्या चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा आमच्याकडे बाबांचा नियम. लहानपणापासूनची सवय! मी चक्क दादाचा फोन कट केला.

लक्षात आलं तसा लगेच उलट फोन लावला तर दादा ओरडलाच, "अगं, कट काय करतेस? बाबा ठीक आहेत. शुद्धीवर आलेत!"

मी रेडिओशेजारीच बसून रडले. बातम्या तोवर संपल्या होत्या.

आता तासाभरात निघायचंय. बाबा पहिलं काय विचारणार, ते मला माहितीये. कुणी ऐकल्यात का हो? पटकन लिहा ना.