बंद चंबूतली फुंकर

फुंकर मारून झाली आणि मग काचमामांच्या लक्षात आलं, की आपण ती कशात मारली.

चंबू सरांचा होता. चार वर्षं बंद होता. बाहेरच्या हवेचा कणसुद्धा त्यात जाता कामा नये, एवढी एकच अट होती. ती सांभाळायचं काम ज्या एका माणसावर सोपवलं होतं, त्यानंच रबराची नळी लावून, गाल फुगवून, छातीतली हवा त्यात व्यवस्थित पोचवली होती.

त्याचं असं झालं. चंबूच्या गळ्याला काचेच्या आठ बारीक शेपट्या काढलेल्या होत्या. वर्षातून एकदा चंबू कलता करून त्यातलं थोडं पाणी एका शेपटीत घ्यायचं आणि ती शेपटी मुळाशी ज्योतीवर वितळवून ओढून तोडायची. तुटतानाच दोन्हीकडची टोकं मिटतात. नमुना बाहेर येतो आणि चंबू बंदच राहतो. तीन वर्षं हे काम बिनबोभाट झालं. चौथ्या वर्षी नमुना सुटला नीट, पण चंबूकडचं टोक मिटलं नाही. आत दाब कमी, त्यामुळे मऊ काच आत ओढली गेली, सुरकुतली, आणि 'स्स' असा बारीक आवाज आला. सर नेमके फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत गेले होते. मामांच्या डोक्यानं काही म्हणायच्या आत हातांनी काम उरकलं. काच सुरकुतली की नळी लावायची, हलकेच फुगवायचं, गोल झाली की टोक ओढून मिटवायचं. सव्वीस वर्षं हातांना हेच ठाऊक. आत काय चाललंय याची चौकशी हात करत नाहीत.

सर परत आले. "झालं?"

"झालं."

"सील?"

"शाबूत," मामा म्हणाले. आणि त्या क्षणी ते खरंच होतं. त्या सीलइतकं शाबूत सबंध इमारतीत दुसरं काही नव्हतं.

काचमामा म्हणजे कॉलेजच्या काचकामाच्या वर्कशॉपमधले एकमेव कारागीर. काचमामा हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. पगारपत्रकातलं नाव त्यांना स्वतःलाही सही करतानाच आठवे. मोठा बर्नर, ऑक्सिजनचं नळकांडं, काच हळूहळू निववायची भट्टी आणि गडद चष्मा, एवढा त्यांचा संसार. सवय अशी लागलेली, की ते कशावरही फुंकर मारत. चहावर, चष्म्याच्या धुळीवर, एकदा तर प्राचार्यांच्या खुर्चीवर, प्राचार्य बसायच्या बेतात असताना.

या कामाला त्यांना लावलं सरांनी. मामा शाळेत होते तेव्हा सर तिथे रसायनशास्त्र शिकवत. प्रयोगाच्या तासाला मामांनी परीक्षानळी तापवून तिचं वेटोळं केलं. दुसरा कुणी असता तर त्यानं कान पिळला असता. सरांनी ते वेटोळं उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "तू रसायनात नापास होणार, पण काच तुझं ऐकते." दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. पुढे सर कॉलेजात शिकवायला गेले, तिथे मामांसाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. आता सर चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, निवृत्त होते, आणि कॉलेजनं दिलेल्या एका मागच्या खोलीत पृथ्वीचं बालपण चंबूत घालून बसले होते.

म्हणजे पाणी, काही क्षार आणि काही वायू. पृथ्वीवर कुणीच नव्हतं तेव्हा एवढंच होतं, आणि वर विजा पडत होत्या. सरांनी चंबूत काही महिने ठिणग्या पाडल्या, पाणी काढ्यासारखं तपकिरी झालं, मग ते दिव्याच्या उबेला ठेवून दिलं. जीव कुणी बाहेरून घातला नाही, तो जुळून आला, असं त्यांचं म्हणणं. याला विरोध करायला रोज चार वाजता तत्त्वज्ञानाच्या बाई येत. त्याही निवृत्त.

"विटा पडून पडून एखाद्या वेळी भिंत होईल, सर," बाई म्हणत. "पण त्या भिंतीला भूक कुठून लागेल?"

"भूक म्हणजेसुद्धा रसायन. तुम्हाला अकराला लागते ती काय तत्त्वज्ञानानं लागते?"

"लागते रसायनानं. पण लागली हे कळतं कुणाला?"

असं तीस वर्षं. चहा दरवेळी गार व्हायचा.

त्या फुंकरीनंतर तीन आठवड्यांनी चंबूतलं पाणी गढूळलं. सरांनी मामांना बोलावून आणखी एक शेपटी तोडून घेतली. या वेळी मामांनी ती इतक्या जपून तोडली, की श्वाससुद्धा घेतला नाही. सरांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"बघ," ते म्हणाले आणि बाजूला सरकले.

मामांनी पाहिलं. बारीक ठिपके होते. काही घोळक्यानं बसले होते, काही इकडून तिकडे सटकत होते. मामांना ते का कोण जाणे, ओळखीचे वाटले.

"मागच्या नमुन्यात यातलं काही नाही," सर म्हणाले. "जे झालं ते या तीन आठवड्यांत झालं. आता पहिला संशय बाहेरच्या हवेवर घ्यायचा. म्हणून पुन्हा विचारतो. त्या दिवशी सील करताना काही झालं होतं?"

आता सांगून टाकायचं, एवढंच होतं. पण सरांनी वहीचं नवं कोरं पान उघडलं होतं, आणि ते पान पाहून मामांची जीभ रेटेना.

"नाही, सर."

सरांनी लिहून घेतलं. तारीख, वेळ, आणि खाली: काचकामाच्या कारागिराच्या शब्दावर.

शनिवारी कॉलेजच्या सभागृहात सर बोलणार असं ठरलं. गुरुवारी मामा चंबूची घडवंची दुरुस्त करायला गेले, तर बाई बसलेल्या. नमुना पाहून झाला होता.

"जिंकलात," बाई म्हणाल्या.

बाईंनी चहा उचलला आणि पिऊन टाकला. गरम असतानाच. मग दोघं चंबूकडे पाहत बसले. लग्न लावून दिलेल्या मुलीच्या रिकाम्या खोलीत बसावं तसे. थोड्या वेळानं बाईंनी विचारलं, "मग उद्या येऊ का?" आणि सर म्हणाले, "या की," पण ते कशाला या, हे दोघांनाही सुचलं नाही. मामांनी स्क्रू पिळता पिळता पाहिलं आणि आवळलेला स्क्रू पुन्हा आवळला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"म्हणजे बाटलीतलं पोर तुमचं?"

"चेष्टा नको."

"एरवी तुमच्या फुंकरीनं चहा कधी निवला नाही." मग त्यांचा चेहरा पाहून तिनं सुरी खाली ठेवली. "सांगून टाका."

"चार वर्षं वाया जातील त्यांची. या वयात."

"ती गेली तेव्हाच गेली. आता चारचौघांत अब्रू जाईल, ती अजून हातात आहे."

शनिवारी सकाळी मामा गेले. बाई सरांच्या भाषणाचे कागद वाचत होत्या. मामांनी बसायला नकार दिला आणि उभ्यानंच, नळीसकट, सगळं सांगितलं.

सरांनी पहिल्यांदा वही ओढली. "किती वेळ फुंकलंस?"

"दोन सेकंद. फार तर तीन."

"आधी काय खाल्लं होतंस?"

"चहा, बिस्किट."

"बिस्किट," सरांनी लिहिलं. तिथे पेन थांबलं. "मी तुला दोनदा विचारलं होतं," ते म्हणाले, वहीकडे पाहतच.

मामांना वाटलं, कान पिळला असता तर बरं झालं असतं.

मग बाईच म्हणाल्या, "म्हणजे जीव जीवातूनच आला. मी दुसरं काय सांगत होते?"

सर सवयीनं वळले. "आणि याच्यात कुठून आला?"

"याच्या आईतून."

"तिच्यात? मागे मागे जा की. जाऊन जाऊन एकदा पाण्यापाशीच याल."

"येईन. पाण्याशी येईन, आणि मग विचारीन."

चहा आला तो तसाच राहिला. मामा कधी बाहेर पडले ते कुणी पाहिलं नाही.

दुपारी सर सभागृहात बोलले. प्रयोग कसा फसतो यावर बोलले. माझ्या देखरेखीत चूक झाली, म्हणाले. मामांचं नाव आलं नाही, आणि मागच्या रांगेत बसलेल्या मामांना नाव आलं असतं तर पाठ ताठ करता आली असती.

पंधरा दिवसांत त्यांनी नवा चंबू केला, पहिल्यापेक्षा देखणा, दहा शेपट्यांचा. सरांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"दहा कशाला? या वयात सहा पुरेत." पुढे त्यांनी सील स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मामांना विचारलं नाही.

निघताना बाईंनी दारात गाठलं. "मामा, तुम्ही माझंही देणं लागता. तुमच्यापायी मी हार मानली होती. तर एक काचेचा गोळा करून द्या. लिंबाएवढा. पण त्यात कुणी फुंकलेलं नको."

"फुंकल्याशिवाय काच फुगत नाही, बाई."

"तेच कुणाला तरी दाखवायचंय."

"फुगते," आतून सर म्हणाले. "आतल्या हवेनं."

मामांनी वर्कशॉपमध्ये काचेच्या नळीची दोन्ही टोकं मिटवली, मध्यभागी ज्योत धरली, गोल फिरवत राहिले. आतली हवा तापली आणि काच आपली आपण फुगली, जरा एका अंगाला, पण लिंबाएवढी. त्यांना क्षणभर आनंद झाला. मग त्यांनी गोळा उजेडात धरला आणि मनाशी मोजू लागले. टोकं कुणी मिटवली? ज्योत कुणी धरली? ती नळी कारखान्यात ज्यानं ओढली, त्यानं कशी ओढली? बाईंच्या हातात गोळा द्यायचा तर यातलं सगळं सांगून द्यायचं, एक अक्षर न गाळता. गोळा त्यांनी फळीवर ठेवला. नंतर आणखी तीन केले.

बाई भेटल्या की विचारतात, "मामा, माझा गोळा?"

"देतो, बाई," मामा म्हणतात, आणि बर्नर पेटवायला वळतात.