सपरीतला प्लग

माझी ऑटो विजेवर चालते आणि तिला रोज जेवू घालावं लागतं. आमच्या रस्त्यावर चार्जिंग असं कोणी म्हणत नाही. मी निघाले की लोक विचारतात, गाडी जेवली का? नसेल जेवली तर कोणीतरी आपल्या सपरीतला, म्हणजे घरापुढच्या पडवीतला, प्लग दाखवतं. मी वायर काढते, गाडी जेवते, आणि तोवर मीही चहा पिते. पैशाचं नाव कोणी काढत नाही. मी त्यांच्या बाजाराच्या पिशव्या आणते, कोणाच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेऊन आणते. हिशोब कोण ठेवतो?

मार्कंड्याच्या अलीकडून तालुक्याच्या गावापर्यंत माझी फेरी असते आणि निम्मा रस्ता जंगलातून जातो. बस आहे, पण ती तिच्या मनात येईल तेव्हा येते. म्हणून कॉलेजच्या पोरी माझ्या ऑटोत असतात. मी बौद्ध घरातली. आमच्या विहाराच्या भिंतीवर पहिला शब्दच 'शिका' असा रंगवलेला आहे, आणि तो वाचतच मी बी.ए. झाले. नोकरी मिळाली नाही, तर ऑटो घेतली. पोरीचं कॉलेज सुटलं की पुढच्या उन्हाळ्यात तिचा मांडव पडतो, हे मला कोणी शिकवायला नको. ऑटो बंद पडली तर या सगळ्या घरी बसणार होत्या.

आणि ती बंद पाडायची तयारी चंद्रपूरला चालली होती. चंद्रपूर आणि नदीपलीकडचा आमचा, अशा दोन्ही जिल्ह्यांचा मिळून चार्जिंग स्टेशनांचा आराखडा तयार झाला होता. ज्यांना हरकती घ्यायच्या असतील त्यांनी अमुक दिवशी हजर राहावं, असं पंचायतीच्या फळ्यावर लागलं. मी मोबाईलवर नकाशा उघडला. मोहर्लीला वाघ बघायला येणाऱ्यांसाठी टिंबं, घुग्घुसच्या कोळशाच्या रस्त्याला टिंबं, आणि वैनगंगा ओलांडली की नुसता हिरवा रंग. आमच्या गावापुढे लिहिलं होतं, वाहने नाहीत, मागणी नाही. खाली आणखी एक वाक्य होतं: घरगुती मीटरवरून भाड्याची वाहने चार्ज करण्यास मनाई राहील.

म्हणजे स्टेशन देणार नाही, आणि सपरीतला प्लगही काढून घेणार. जेवायला वाढणार नाही आणि घरचा डबाही खाऊ देणार नाही, असला हा न्याय. माझं डोकंच फिरलं.

वाहने नाहीत हे कसं निघालं, ते मात्र लगेच कळलं. सर्वेवाले आले होते ते तेंदूच्या हंगामात. तेंदूच्या दिवसांत सूर्य उगवायच्या आत आख्खं गाव पानं तोडायला जंगलात असतं. घरांना कड्या, आणि मोटारसायकली जंगलाच्या कडेला झाडांखाली. माझी ऑटोही पानांचे गठ्ठे वाहत असते. सर्वेवाले सकाळी आले, कुत्र्यांनी त्यांचं स्वागत केलं, आणि ते शून्य लिहून परतले. या जिल्ह्यात राहून तेंदूत गाव मोजायला जाणाऱ्या माणसाला काय म्हणावं, मला अजून सुचलेलं नाही.

हरकतीला मी एकटी गेले नाही. माझ्या रस्त्यावरची पहिली सपरी एका गोंड बाईची आहे. वयानं माझ्या आईहून मोठी, बोलते थोडं, पण ग्रामसभेत ती उठली की बाकीचे बसतात. ती म्हणाली, मीही येते. वाटेत मूल गावात माझ्या नणंदेच्या घरी गाडी जेवली, पण अर्धपोटीच, आणि चंद्रपूरला पोचेस्तोवर बॅटरी तळाला गेली. परत कसं जायचं? हे मला निघतानाच माहीत होतं आणि मी तशीच निघाले होते.

रोहिणीचं ऊन होतं. सभागृह तळमजल्यावर होतं आणि आत एक भलामोठा कूलर घरघरत होता. मी चौकीदाराला विचारलं, ऑटो कुठे लावायची. त्यानं सावली दाखवली. म्हटलं, सावली नको भाऊ, प्लग पाहिजे. तो हसला. ज्या इमारतीत चार्जिंगचा आराखडा बनला, त्या इमारतीत चार्जिंगची सोय नव्हती. हायवेवरच्या हॉटेलात एक मशीन होतं, पण त्याचं तोंड मोठ्या गाड्यांचं. माझ्या ऑटोला ते लागत नाही.

मग मी ऑटो खिडकीखाली उभी केली, वायर खिडकीतून आत सोडली आणि मागोमाग दारातून आत गेले. मोठ्या पिनचं सॉकेट एकच होतं. मी कूलरची पिन काढली आणि माझी लावली.

घरघर थांबली तसं सगळ्यांनी वळून पाहिलं. भिंतीवर नकाशा होता, आणि त्याच्यापुढे साहेब उभे होते, आराखडा ज्यांनी केला ते. माणूस तसा वाईट नव्हता, तरुण होता, नीट बोलत होता. त्यांनी विचारलं की हे काय चाललंय. मी उभी राहिले.

"सर, गाडी जेवून राह्यली. तिचं झालं की मी जाते. आमच्या गावात वाहन नाई म्हणता ना? ते खिडकीतून पाहून घ्या."

त्यांनी सांगितलं की इथे असं चार्ज करता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, नियम मीही वाचला. तिथे सपरीत चालत नाही, इथे चालत नाही, मग कुठी चालते तेवढं नकाशावर बोट ठेवून दाखवा. त्यांनी नकाशाकडे पाहिलं. बोट काही उचललं नाही. हॉलमध्ये घामाच्या धारा लागल्या होत्या, लोक हरकतींचे कागद पंख्यासारखे हलवत होते. एकानं कूलर पुन्हा लावायला हात पुढे केला, तेव्हा बाई उठून सॉकेटपाशी जाऊन उभी राहिली.

"आमच्या दारातून कोणाची गाडी उपाशी जात नाई," ती म्हणाली. "तुमची आली तरी नाई जाणार. तुमच्या दारी आम्ही आलो, तर तुम्ही पिन काढता काऊन?"

साहेब खाली बसले आणि रुमालानं मान पुसत राहिले. मग आमची हरकत लिहून घेतली: सर्वे तेंदूचा हंगाम सोडून पुन्हा करावा, आणि मनाईचं वाक्य काढावं. सभा उकाड्यातच संपली. माणसं गेली, आम्ही दोघी बसून राहिलो. ऑटो पोटभर जेवली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. निघताना कूलरची पिन मी स्वतः लावून दिली.

पावसाळ्यानंतर आराखडा पक्का होऊन आला. फेरसर्वे करू, असं त्यात लिहिलंय. टिंब नाही. मनाईचं वाक्य जसंच्या तसं आहे.

मी तो बाईला वाचून दाखवला. तिनं ऐकून घेतलं आणि चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी पोरींना घेऊन येते तर वायरमन तिच्या घरापुढे. सपरीच्या आतला प्लग काढून त्यानं बाहेरच्या भिंतीवर बसवला होता, थेट रस्त्याच्या तोंडावर, वर पावसासाठी पत्र्याचा तुकडा. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसावा असा. मी घाबरलेच. म्हटलं, बाई, तपासणीवाले आले तर पहिलं तुमचं घर सापडेल.

"येऊ दे," ती म्हणाली. "लपवाचं असतं तं आतच होता ना."

पोरी उतरल्या नाहीत, दप्तरं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. मी वायर काढली आणि भर रस्त्यात गाडी जेवायला लावली.