पेटी वाजली की पोर गेली

आमच्या आत्येला वाचता येत नव्हतं, म्हणून मला वाचावं लागे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि घराची मालकीण झाली. छप्पन-सत्तावन साल असेल. मुंबईचा काका जुने दिवाळी अंक पाठवी. दुपारी पडवीत आत्या केरसुणीसाठी माडाच्या झावळांचे हीर काढत बसे आणि मी गोष्टी वाची.

त्या लेखकांना संगीताचं काय वावडं होतं कोण जाणे. पहिल्या पानावर पेटीमास्तर येई, दुसऱ्यावर पोरीचं कामात लक्ष लागेना, चौथ्यावर ती विहिरीत. सासूच्या छळाने कोणी मरत नसे, बाळंतपणात मरत नसे. मरत त्या सुरांनीच. आमच्या वाडीत नेमकं उलटं होतं, पण वाडीवर गोष्ट कोण लिहितो?

मी वाचायचीही झकास. विहीर आली की आवाज खाली आणायची. आत्या हीर खाली ठेवून म्हणायची, "पेटी वाजली काय समजाचा, पोर गेली!" मला वाटे, केवढी ही माझ्या वाचनाची तारीफ.

चौथी पास झाले. वाडीतली शाळा तिथंच संपत होती. पाचवीला पलीकडच्या गावात जायचं, आणि वाटेवर भजनीबुवाचं घर. तो सकाळी पेटीवर मुलांना भजनं शिकवी.

"ह्या चेडवाक त्या वाटेन धाडू नको," आत्या वडिलांना म्हणाली.

"अगो बाये, बुवा साठीचो. दम्यान धापा टाकता."

"दमो बुवाक आसा, पेटीक नाय."

वडील कचेरीत कारकून. साहेबासमोर बोलायचे, बहिणीसमोर नाही. त्यांनी देवीवर सोपवलं. देवळात गुरवाने गाऱ्हाणं घालून मूर्तीवर ओल्या तांदळाचे दाणे चिकटवले. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. उजवा पडला. मी मनात पाचवीच्या पुस्तकांना कव्हरंसुद्धा घातली.

"तू नीट गाराणा घालूक नाय," आत्या गुरवाला म्हणाली. "परत लाव."

परत उजवा. तिसऱ्या खेपेला डावा पडला. देवीला एकदाची अक्कल आली, असं आत्येच्या तोंडावर दिसलं. वडील चपला शोधू लागले. माझी शाळा संपली.

दुसऱ्या दुपारी आत्येने नवा अंक माझ्यापुढे टाकला. "वाच गो."

मी वाचली. पेटीमास्तर आला, तो मी गाळला. पोर विहिरीत गेली, ती मात्र जाऊ दिली.

"आणि पेटी?" आत्येने विचारलं.

"ह्या गोष्टीत पेटी नाय. आत्येन शाळेतसून काढल्यान, म्हणान ती गेली."

आत्येने हातातला हीर काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "ह्यो लिवणारो खुळो आसा. दुसरी वाच."

दुसरीही मी तशीच वाचली.