दारावरचा कागद

शेजारी काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही, आपोआप कळतं! त्यात सिडकोतल्या आमच्या भिंती पातळ. संदीप आणि इम्रान या दोन पोरांनी शेजारची खोली भाड्यानं घेऊन ऑफिस थाटलं, अन् माझ्याकडं इतके किस्से साठले की अजून चहाचं आधण ठेवलं की एखादा आठवतोच. आधणही तीन कपांचंच पडतं.

*

काम काय, तर वाळूजच्या एका कारखान्यानं विकत आणलेलं सॉफ्टवेअर लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिमवर चालवायचं. लिनक्सच्या आत म्हणे एक पहारेकरी असतो. कुणी कोणत्या फाइलला हात लावायचा, याची यादी त्याच्याकडं. यादीत नसलं की "नाय!" हे सॉफ्टवेअर रोज दारातच अडायचं. ते उघडून दुरुस्त करावं, तर आतला कोड ते बनवणाऱ्या कंपनीच्या कुलपात. जमलं नाही तर ऑफिस बंद अन् दोघं नोकरी शोधायला पुण्याला.

*

त्या कंपनीचा माणूस फोनवर एकच उपाय सांगायचा, "सर, सिक्युरिटी बंद करा."

एकदा संदीप भडकला, "तुमचं कपाट दारातून जात नाही म्हणून मी भिंत पाडू का?"

मी इकडून ओरडले, "ती भिंत माझीपण हाय रे!"

*

इम्रान लई उतावळा. पहारेकऱ्यानं जे जे अडवलं होतं, ते सगळं त्यानं एकदम परवानगीच्या यादीत टाकलं. सॉफ्टवेअर झटक्यात चालू! मी पेढे वाटले. संदीपनं यादी वाचली अन् सगळी पुसली.

"अरे, पासवर्डची फाइलपण उघडी केलीस!"

इम्रान हळूच मला म्हणाला, "खाला, पेढे वापस नक्को लेव."

"सगळं चालेल" असं संदीपनं कधी लिहिलंच नाही. एकेक ओळ, तपासून.

*

एकदा मी ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसला. अर्ध्या दिवसाचं काम गेलं! दुसऱ्या दिवशी दारावर कागद, संदीपच्या अक्षरात:

"मावशी: चहा आणणे, चालेल.
मावशी: डोकावणे, चालेल.
मावशी: कीबोर्ड, चालणार नाही."

आठ दिवस मी बोलले नाही. चहा मात्र नेला.

*

शेवटी जमलं. कंपनीच्या माणसानं विचारलं, "सिक्युरिटी बंद केलीत ना?"

"चालूच आहे."

"मग आमचं सॉफ्टवेअर चालतंय कसं?"

इम्रान म्हणाला, "आप बताओ सर, बनाया तो आपने!"

*

कारखान्यानं खूश होऊन बिडकीनच्या नव्या युनिटचं काम दिलं, जागाही तिथंच. टेम्पो भरला तेव्हा मी खाली उतरले नाही. घासलेलीच भांडी परत घासत बसले.

संध्याकाळी झाडू घेऊन रिकाम्या खोलीकडं गेले. कागद दारावरच होता. तिन्ही ओळी खोडलेल्या. खाली संदीपच्या अक्षरात एकच ओळ:

"मावशी: सगळं चालेल."