तूबा खानमच्या गच्चीवरची डिश

शिराझच्या आमच्या मोहल्ल्यात नुसरत उस्ताला, म्हणजे मिस्त्रीला, सगळे कूलरवाला म्हणत. त्याची भाकरी खरी टीव्हीच्या डिशवर भाजली जाते, हे मात्र शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माणूस हाताचा सोन्यासारखा, पण मुळात भित्रा. डिशला आमच्याकडे बंदी; दोन वर्षांपूर्वी ती बसवताना पोलिसांनी धरला, तेव्हा लिहून दिलं होतं: पुन्हा सापडलो तर सरळ तुरुंग. तेव्हापासून जिन्यात बूट वाजले की तो हातातलं काम टाकून आडोसा शोधे.

मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या तूबा खानमला डिश लावून द्यायला त्याने दोनदा नाही म्हटलं. पण तिचा मुलगा कियानूश नऊ दिवस घरी आला नव्हता. सरकारी टीव्हीवर सगळं आलबेल, लोणची कशी घालायची ते चाललेलं. सरकारने धरलेल्या लोकांची नावं फक्त परदेशातली वाहिनी सांगे. दुपारी चारला, गावागणिक, प्रत्येक नाव एकदाच. त्यातही सरकार लहरी सोडून चित्र बिघडवी. तिसऱ्यांदा म्हातारी दारात रडायला लागली, तेव्हा उस्ता निघाला.

हिवाळ्यात कूलरला कापडी खोळ घालतात; तिच्या आतच डिश लपवायची, ही आमची रीत. कापडाने चित्र अडत नाही. चित्र लागलं, नट आवळायचे राहिले, आणि खाली बेल वाजली. दाराच्या फोनमधून आवाज आला:

“हाज खानम, पोलीस. गच्ची बघायची होती, येऊ का?”

साठ वर्षांची जिभेची सवय ती! “या ना, या! घर तुमचंच आहे, पाऊल आमच्या डोळ्यांवर!” म्हणत तिने बटण दाबून दार उघडूनही दिलं. मग जिन्यात डोकं काढून कुजबुजली, “माती पडो माझ्या तोंडात! उस्ता, मी त्यांना या म्हटलं हो!”

उस्ता खोळीत शिरला. नट सैल, म्हणून दोन्ही हातांनी डिश धरून बसला. बूट वर आले. शेजारच्या गच्चीवरची एक डिश उचकटून कोणीतरी खाली फेकली, तेव्हा त्याने दातांत बाही धरली.

तूबा खानमला कमी ऐकू येतं. तिचा टीव्ही जिनाभर घुमत होता. तब्रिझ झालं, इस्फहान झालं.

“ए, हा आवाज कसला रे?” पोलीस म्हणाला.

“शिराझ,” निवेदिका म्हणाली.

उस्ताचे हात वळले, आणि त्यांच्याबरोबर डिशही. थरथरले नाहीत, वळले. हे त्याचं त्याला पक्कं माहीत होतं. खाली नुसती खरखर उरली.

“म्हातारीचा रेडिओ असेल. चल,” दुसरा म्हणाला.

पोलीस गेल्यावर उस्ता खाली आला, तेव्हा तूबा खानम खरखरणाऱ्या पडद्यासमोर बसून होती. “शिराझ म्हणाली हो, आणि गेलं! मेल्यांनी नेमक्या तेव्हाच लहरी सोडल्या, नाही?”

“हो, खानम.”

तिने तशातही चहा ठेवला, खडीसाखर ठेवली. “जीव धोक्यात घातलात माझ्यासाठी. हात दुखू नयेत तुमचे.” आमच्याकडे आभार मानताना हे कोणालाही म्हणतात. उस्ताला मात्र ते सोसवेना. चहा तसाच टाकून तो पुन्हा वर गेला आणि नट आवळले.

“उद्या लागेल ना?” तिने जिन्यातून विचारलं.

“लागेल.”

उद्याची नावं नवी असतात, हे त्याने तिला सांगितलं नाही.