मामा मागे उभा असतो

दर्यापूरचा अन्सार फोटोवाला थकला होता, आणि थकलेल्या माणसापुढे दोन वस्तू ठेवून 'निवडा' म्हणण्यासारखा दुसरा छळ नाही. अकोल्याच्या ओमप्रकाशनं नेमकं तेच केलं. आपल्या दुकानाच्या काउंटरवर त्यानं दोन लेन्स ठेवल्या. दोन्ही फिक्स, म्हणजे झूमबिम काही नाही; पण लोडशेडिंगमध्ये जनरेटरच्या एका पिवळ्या बल्बाखालीही फोटो काढतील अशा. एक पन्नासची, एक पंच्याऐंशीची. अन्सारला झेपणार होती एकच, आणि पुढची सगळी वर्षं तिच्यावरच काढायची होती.

"पन्नासची घेसान तं माणसाजवळ जा लागते," ओमप्रकाश म्हणाला. "पंच्याऐंशीची असन तं दुरून मारा. नवरी टकाटक, अन् मागचं सारं ब्लर. आजकालच्या पोट्ट्यांले तेच पायजे."

अन्सारचे गुडघे 'दुरून' या शब्दावरच भाळले. लग्नाच्या स्टेजवर चढायचं, पाहुण्यांच्या कोपरांतून वाट काढायची, कोणाचं पोर पायात, कोणाचा फेटा आडवा. जन्म गेला त्यात. आणि आता तर कापूस पिकत नव्हता, पिकला तर भाव नव्हता. लग्नं लॉनवरून उठून घरापुढच्या अंगणात आली होती. तिथं तर पाय ठेवायला जागा नाही.

ओमप्रकाश जुना ओळखीचा. म्हणाला, "दोन्ही घेऊन जा. एक लगन करून पाहा, मंग सांगा." वऱ्हाडात एवढा विश्वास अजून होता, बाकी काही उरो न उरो.

घरी दोन दिवस त्याचं तेच चाललं. बायको अफसाना शेवटी कावली. "कौनसी भी एक रख लो ना जी, लड़की थोड़ी पसंद कर रहे!"

लग्न होतं नांदगाव खंडेश्वरजवळ, मनकर्णाबाईंच्या आकांक्षाचं. नवरदेव नितेश. मुहूर्त गोरज, म्हणजे वऱ्हाडी हिशोबानं दिवेलागण होऊन गेल्यावर. मंगलाष्टकं सुरू झाली आणि लाइट गेली. न जाती तरच नवल. जनरेटरवर एकच बल्ब लागला. फ्लॅश मारावा तर चेहरे चुन्यासारखे पांढरे. अन्सारनं पंच्याऐंशीची चढवली आणि शेजारच्या ओट्यावर बसून, हो, चक्क बसून फोटो काढले. आकांक्षाचे भरलेले डोळे असे आले की त्याचा त्यालाच हेवा वाटला. मागे सगळं सायीसारखं मऊ. नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, ही रीत. तसा मनकर्णाबाईंचा भाऊ चंद्रभान तांबडं पागोटं बांधून उभा होता. त्या मऊ पसाऱ्यात तेवढा तांबडा रंग अन्सारला झकास वाटला. घरच्यांचे एकत्र फोटो काढले, तेव्हा चंद्रभान पंगतीत वाढत होता. पन्नासची पिशवीतून निघालीच नाही.

फोटो पाहून नितेश-आकांक्षा हरखले. अन्सारनं ठरवून टाकलं, पंच्याऐंशीचीच. सोमवारी अकोल्याला जायचं आणि पन्नासची परत करायची.

त्याच्या आदल्या दिवशी मनकर्णाबाई एकट्याच स्टुडिओत आल्या. बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"चंद्रभान गेला, भाऊ," त्या म्हणाल्या.

कशानं, हे अन्सारनं विचारलं नाही. त्या वर्षांत शेतकरी माणूस गेला तर तिकडे कोणी विचारत नसे. विचारणाऱ्याला माहीत असे, आणि सांगणाऱ्याला सांगवत नसे.

"घरी त्याचा एक फोटो नाई. कार्डावरचा हाय, त्यात चोरावानी दिसते. तेरवीले हार घालाले पायजे. लगनातला द्या काढून."

अन्सारनं कॉम्प्युटर उघडला. एकामागून एक फोटो सरकू लागले. आकांक्षाच्या पापण्या मोजून घ्याव्यात, आणि पाठीशी पागोटं बांधलेला माणूस, ज्याला ना नाक ना डोळे. सगळ्या फोटोंत तेच. मनकर्णाबाईंनी स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि बराच वेळ पाहिलं.

"तुमी त्याच्याकडं पायलंच नाई का, भाऊ?" त्यांनी विचारलं. एखाद्यानं वाट विचारावी तसं.

"नाई पायलं, ताई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. मग घाईघाईनं म्हणाला, "अख्खा फोटो मोठा करून देतो."

"त्यात आकांक्षा हाय. जित्या पोरीच्या फोटोले हार घालू का मी?"

खरंच होतं. कापावा तर माणूस उरत नव्हता, न कापावा तर हार घालता येत नव्हता. मनकर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"कापा. पागोटं त्याचंच हाय. आमाले वळखू येते."

अन्सारनं कापला, मोठा केला, फ्रेममध्ये बसवून दिला. त्या फ्रेम छातीशी धरून बसस्टँडकडे गेल्या.

सोमवारी त्यानं काउंटरवर ठेवली ती पंच्याऐंशीची. ओमप्रकाश चाटच पडला.

"काहून? फोटो बिघडले का?"

"फोटो तं झकास आले." त्यानं चंद्रभानची गोष्ट सांगितली.

"मंग लेन्सचा काय दोष?" ओमप्रकाश म्हणाला. "तिचं तोंड थोडं बारीक करून मारा लागत होतं. मागचाही दिसला असता."

अन्सारला ते माहीत होतं. आपण एकदा ओट्यावर बसलो की पुन्हा तिथंच बसू, हेही माहीत होतं. पन्नासची घेऊन तो जीपमध्ये दाटीवाटीनं बसला आणि दर्यापूरला परत आला.

त्या मोसमात ब्लरच्या नादानं चार गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. राहिली त्या लग्नांत अन्सार मंगलाष्टकांआधी कण्हत स्टेजवर चढे आणि नवरीच्या मामाला एकट्याला पुढं बोलावी. हा फोटो कोणी सांगितलेला नसे, अल्बमात लागतही नसे. मामा लाजे, मिशीवरून हात फिरवी.

"माहा काहून, भाऊ? पोरीचा काढा ना."

"तिचे काढतोच, मामा," अन्सार म्हणे, आणि हातभर अंतरावर जाऊन त्याचा चेहरा नीट काढून घेई.